बारा नंबरचा फोटो

आमच्या घरात बाबांनी तीन नियम घालून दिले होते. जेवताना वर्तमानपत्र वाचायचं नाही (हा नियम ते सोडून सगळ्यांना लागू होता), पंखा पाचवर करायचा नाही, आणि कॅमेऱ्याच्या बटणाला कुणीही हात लावायचा नाही. पहिले दोन आम्ही त्यांच्या हयातीतच मोडले. तिसरा मात्र ते गेल्यावरही वर्षभर इतका काटेकोर पाळला, की त्यापायी माझी आठवड्याची रजा गेली, आईचे दोन शेर तांदूळ गेले आणि मच्छीमार सोसायटीच्या वहीत माझी मासळी म्हणून नोंद झाली. ती नोंद अजून आहे. शाईने केलेली आहे.

सुरुवात बॅनरपासून झाली. बाबांचा पहिला स्मृतिदिन पुढच्या रविवारी समाजमंदिरात व्हायचा होता. माझा चुलतभाऊ सम्यक माणगावला फ्लेक्स छापतो. त्याचा फोन आला, "ताई, काकांचा एक फोटो टाक ना. जरा मोठा, क्लिअर."

बाबा चाळीस वर्षं शाळामास्तर होते आणि त्याहूनही जास्त वर्षं गावाचे हौशी फोटोग्राफर. घरात त्यांनी काढलेले चारेक हजार फोटो असतील. लग्नं, स्नेहसंमेलनं, पहिलीत बसवलेली पोरं, वादळात पडलेल्या सुपाऱ्या, पडलेल्या सुपाऱ्यांशेजारी पंचनाम्यासाठी उभे केलेले मालक. त्या चार हजारांत बाबा एकदाही नाहीत. कॅमेरा त्यांच्या हातात असायचा आणि तो दुसऱ्याच्या हातात जायची सोय नियम क्रमांक तीनमध्ये नव्हती.

राहता राहिलं आधार कार्ड. त्या फोटोत बाबा नुकतेच पकडले गेल्यासारखे दिसतात, आणि गुन्हा कबूल करायचा नाही असं त्यांनी ठरवलेलं दिसतं.

"टेन्शन नको घेऊ," सम्यक म्हणाला. "आपल्याकडे कोट आहे."

अर्ध्या तासात मोबाईलवर नमुना आला. बाबांचं पकडलं गेलेलं डोकं एका काळ्या कोटावर बसवलेलं होतं. तिरप्या पट्ट्यांचा टाय, खिशात सोनेरी पेन, मागे ढग. बाबांनी जन्मात कोट घातला नव्हता. निवृत्तीच्या सत्कारालासुद्धा ते अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून गेले होते, आणि शाल लगेच घडी करून मला दिली होती.

आईने चष्मा लावून नमुना बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "हा कोट केसरच्या सासऱ्यांचा."

मी मोबाईलमध्ये मागे जाऊन पाहिलं. खरंच होतं. केसर आमच्या वाडीतलीच. गेल्या महिन्यात तिच्या सासऱ्यांच्या बॅनरवर हाच कोट होता, हाच टाय, हेच पेन. त्याआधी पोस्टमन गेले तेव्हाही हाच. आमच्या भागातली गेलेली सगळी माणसं गेली दोन वर्षं पाळीपाळीने एकच कोट घालत होती.

"हे लावलंत तर मी कार्यक्रमाला येणार नाही," आई म्हणाली आणि मेथी निवडायला बसली. आई असली वाक्यं दहा वर्षांतून एकदा बोलते. मागच्या वेळी बोलली तेव्हा आमच्याकडे गॅस आला होता.

सम्यकने शनिवारी दुपारपर्यंतची मुदत दिली. तोवर दुसरा फोटो मिळाला नाही, तर कोट. मी बाबांच्या कपाटातले अल्बम उपसत बसले. दोन तासांनी आई आतून म्हणाली, "कॅमेऱ्यात असेल की त्यांचा."

"कुणी काढला?"

"त्यांनीच. शेवटच्या आठवड्यात तीन दिवस अंगणात खुर्ची मांडून काहीतरी चाललं होतं. मला वाटलं, डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम असेल. कॅमेऱ्यापासून पळत यायचे, खुर्चीवर बसायचे, उठायचे, परत तिकडे जायचे. मी म्हटलंसुद्धा, अहो, चालायला सांगितलंय, पळायला नाही."

म्हणजे बाबांनी कॅमेऱ्याचा टायमर लावून स्वतःचे फोटो काढले होते. मला काय वाटलं ते इथे लिहीत नाही. कॅमेरा मी कपाटावरून उतरवला एवढं सांगते.

हा कॅमेरा मोठ्या रोलचा, जुना, पेटीसारखा. पुढे एकावर एक अशी दोन भिंगं. तो पोटाशी धरायचा आणि वरून मान खाली घालून काचेत बघायचं. त्यामुळे फोटो काढणारा माणूस समोरच्यापुढे नम्र झालेला दिसतो. बाबा एरवी कुणापुढे झाले नाहीत. एका रोलवर बारा फोटो येतात. बाजूला एक हँडल असतं, ते फिरवलं की रोल पुढे सरकतो आणि छोट्या खिडकीत फोटोचा आकडा दिसतो. बारा झाले की हँडल फिरवत राहायचं, सगळा रोल पलीकडच्या रिळावर गुंडाळला जातो, आणि मगच मागचं झाकण उघडायचं. त्याआधी उघडलं तर उजेड आत शिरतो आणि फोटो पुसले जातात.

खिडकीत आकडा होता बारा. आणि हँडल जागचं हलत नव्हतं.

म्हणजे बाबा आत, आम्ही बाहेर आणि मध्ये एक झाकण, जे उघडलं की बाबा जाणार. दुसऱ्यांदा.

मी पनवेलला कॉलेजात ग्रंथपाल आहे. अडचण आली की मी आधी वाचते. बाबांच्या कपाटात कॅमेऱ्याची झेरॉक्स केलेली माहितीपुस्तिका होती आणि छायाचित्रणावरची दोन जाड पुस्तकं. ती मी एकाच संध्याकाळी वाचून काढली. निष्कर्ष असा, की आकडा बारावर आहे, म्हणजे बारावा फोटो काढून झालेला आहे. आता चुकून बटण दाबलं गेलं, तर त्या फोटोवर दुसरा फोटो बसेल. तेव्हा नियम क्रमांक तीन अधिकच कडक करायला हवा. हा निष्कर्ष मी वहीत लिहून खाली रेघ मारली. त्या रेघेबद्दल मला नंतर फार वाईट वाटलं.

सोमवारी सकाळी रघू आला. रघू बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. त्याने कॅमेरा हातात घेतला, कानाशी नेला, हुंगला आणि विचारलं, "ताई, ह्यो बटन दाबून बघू काय?"

मी त्याच्या हातावर चापट मारली. मग एका चित्रावर दुसरं चित्र बसतं म्हणजे काय, हे मी त्याला कागदावर दोन आकृत्या काढून दहा मिनिटं समजावलं.

रघू विचारात पडला. "म्हंजे मास्तरांच्या आंगावर मी?"

"तसंच."

"मंग नको," तो म्हणाला आणि दोन्ही हात मागे बांधून उभा राहिला. त्याच्या मते रोग जुनाच होता. खाऱ्या वाऱ्याने हँडल जाम झालंय, इंजिनाला देतो तसा गंजाचा फवारा देऊ, नाहीतर नुसती एक थाप. फवाऱ्याला मी नाही म्हटलं. थापेला नाही म्हणायच्या आत थाप देऊन झाली होती. आकडा बाराच राहिला. कॅमेऱ्याच्या पट्ट्याचं एक टोक तेवढं सुटलं.

थापेच्या आवाजाने शेजारची नीराबाई आली. नीराबाई म्हावरं विकते आणि तिला कोणत्याही विषयात मत नाही असं कधी झालेलं नाही.

"तांदलात ठेव," ती म्हणाली. "माज्या नातवाचा मोबाईल खाडीत पडला व्हता. तीन दीस तांदलात ठेवला, चवथ्या दिशी बोलाया लागला."

"नीरामावशी, हा भिजलेला नाही."

"बाय, दर्याकाठी सगलाच भिजलेला अस्तो."

याला दोन्ही पुस्तकांत उत्तर नव्हतं. आईने तांदळाचा डबा काढला. बाबांचा कॅमेरा दोन शेर तांदळात पुरताना मला जरा विचित्र वाटलं, पण नीराबाईने वरून तांदूळ सारखे केले आणि "निजू दे आता" म्हणाली.

मंगळवारी सकाळी काढला. हँडल तसंच होतं. आता चित्र स्पष्ट करायचं शेजारचं चाकही फिरेनासं झालं, कारण त्याच्या फटीत एक कोलमचा दाणा जाऊन बसला होता. एकाचे दोन रोग झाले. तांदूळ आईने वाया जाऊ दिले नाहीत, दुपारी भात केला. भाताला चामड्याच्या पट्ट्याचा वास होता. आम्ही दोघी दोन घास जेवलो. उरलेलं सगळं कोंबड्यांना घातलं, त्यांनीही नाकारलं.

बुधवारी मी कॅमेरा खोक्यात घालून माणगावला नेला. मुंबईला जुने कॅमेरे दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे तो पाठवायचा होता. तिथल्या 'सागरदूत पार्सल सेवे'त निकेत नावाचा तरुण कारकून बसला होता, अतिशय सभ्य. सभ्य माणसाशी भांडता येत नाही, हीच त्याची मुख्य अडचण असते.

"आत काय आहे, मॅडम?"

"कॅमेरा."

"चालू की बंद?"

"अडकलेला."

त्याने संगणकावर खाली-वर पाहिलं. "अडकलेला असा पर्याय नाही. चालू असेल तर बॅटरीचं हमीपत्र लागेल. बंद असेल तर ई-कचऱ्याचा फॉर्म."

"याला बॅटरीच नाही. हा हातावर चालतो."

"मग 'बॅटरी काढून ठेवली आहे' लिहू?"

"नव्हतीच कधी."

"नव्हतीच असाही पर्याय नाही, मॅडम." तो खरोखर दिलगीर होता. "बरं, कचरा लिहू?"

बाबांचा शेवटचा रोल मी कचरा म्हणून पाठवणार नव्हते. अखेर 'इतर वस्तू' असा एक रकाना सापडला. पण इतर वस्तू कर्मचाऱ्याने स्वतः उघडून, आतून बघून घ्यायची असते.

"उघडून दाखवा."

"उघडला की आतले फोटो जातील."

"मी फक्त बघणार. हात लावणार नाही."

"तुम्ही बघायची गरज नाही. उजेडाने बघितलं तरी पुरे."

निकेतने हे शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे आत फोटो आहेत, पण ते बघितले की नसतील."

"बरोबर."

"आणि न बघता मी लिहायचं, की ते आहेत."

"हो."

"मॅडम," तो हळू आवाजात म्हणाला, "असं मी माझ्या जबाबदारीवर फक्त विहारात मानू शकतो. इथे नाही."

खोकं परत घेऊन मी एसटीच्या थांब्यावर उभी राहिले आणि तिथूनच त्या म्हाताऱ्या गृहस्थांना फोन लावला.

"बटण चालतंय का?" त्यांनी पहिलाच प्रश्न केला.

"आमच्याकडे बटणाला हात लावत नाहीत," मी म्हटलं. मला वाटतं, थोडी ऐटीतच.

त्यांनी विचारलं, "मग फोटो कसे काढता?"

"फोटो बाबा काढायचे."

त्यांनी खाकरल्यासारखं केलं आणि आवाज एकदम मऊ केला. "असं करा बाई. पूर्ण अंधार असेल अशा जागी उघडा, हाताने चाचपून रोल काढा, काळ्या कागदात गुंडाळून डबीत घाला आणि रोलच घेऊन या. कॅमेऱ्याचं नंतर बघू."

पूर्ण अंधार. हे दोन शब्द वाचायला सोपे आहेत. आमच्या घराला कौलं आहेत आणि वादळानंतर ती घाईत बसवलेली आहेत, त्यामुळे दुपारी घरात जमिनीवर रुपयाएवढे उन्हाचे ठिपके फिरत असतात. रात्री का नाही, असं तुम्ही विचाराल. रात्री तर आमच्या घरासमोरचा ग्रामपंचायतीचा उंच खांबावरचा दिवा लागतो. तो लागल्यापासून आमच्याकडे दिवसापेक्षा रात्री जास्त दिसतं आणि कोंबडे दोनदा आरवतात.

गुरुवारी सकाळी मी तीन गोधड्यांखाली शिरून पाहिलं. मार्च महिना होता. वरून आई आणि नीराबाई कडा दाबून बसल्या होत्या. मी आत घामाघूम होऊन बसले, तर माझे गुडघे मला स्वच्छ दिसत होते. बाहेर नीराबाई आईला सांगत होती, "वयनी, येकदा आमच्या शेजारणीला अशीच वाफ दिली व्हती, पर तिला सर्दी तरी व्हती."

उपाय रघूने काढला. "सोसायटीचा बर्फखाना. आत स्वताचा हात दिसत न्हाय."

मच्छीमार सोसायटीचा बर्फखाना बंदरावर आहे. जाड दरवाजा, खिडकी नाही, आत बर्फ आणि मासळी. आम्ही चौघंही गेलो. मी, आई, रघू आणि नीराबाई. दारात टेबल टाकून तुळशी बसली होती. तुळशी सोसायटीची कारकून. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, बाबांची विद्यार्थिनी. त्यामुळे तिने मला खुर्ची दिली, पण सवलत दिली नाही.

"नोंद केल्याबिगर आत काय जात न्हाय, ताई. ऑडिट अस्ता."

"कर नोंद."

"बोटीचा नाव?"

"बोट नाही."

"रकाना रिकामा कसा सोडू?"

"माजी लिव," रघू म्हणाला. "'जलराणी'."

"मासलीचा प्रकार?" छापील यादीत सुरमई, पापलेट, बांगडा, कोळंबी आणि इतर असे पर्याय होते. आम्ही 'इतर' घेतलं. माझ्या आयुष्यातला तो दुसरा 'इतर', आणि दोन्ही एकाच आठवड्यात.

"वजन?"

"किलोभर असेल."

"तुमी पन आत जानार ना? येताना जास्त म्हावरा घेऊन गेलाव तर? जाताना नि येताना वजन जुलाया पायजे." तुळशीने काट्याकडे बोट दाखवलं. मी कॅमेरा पोटाशी धरून मासळीच्या काट्यावर चढले. मी एम. ए. आहे, ग्रंथालयशास्त्राची पदविकाही आहे. वहीत नोंद झाली: बोट जलराणी, मासळी इतर, अडुसष्ट किलो.

"मास्तर रोज सांगायचे, आकडा सुवाच्य काडा," असं म्हणून तुळशीने तो पुन्हा एकदा ठळक गिरवला.

आत गेले. दरवाजा लागला. अंधार असा, की डोळे उघडे आहेत की मिटलेले हे कळेना. पायाखाली बर्फाचा चुरा होता आणि चहूबाजूंनी बांगड्यांचा वास. मी ओंजळीने कॅमेरा चाचपला, झाकणाची कडी सापडली, अंगठा तिच्यावर ठेवला.

दरवाजा उघडला. उजेडाबरोबर नीराबाई. "बाय, गारठशील, शाल घे."

मी शाल घेतली. दरवाजा लागला. पुन्हा अंगठा कडीवर. दरवाजा उघडला. तुळशी. "आत गेल्याचा टाइम लिवायचा र्‍हायला. किती वाजले गेलाव तवा?"

तिसऱ्यांदा दरवाजा लागला. मी शंभर आकडे मोजले. कुणी आलं नाही. बोटं बधिर होत चालली होती. कडी अर्धी सरकवली आणि तेवढ्यात माझ्या कमरेशी निळा उजेड पडून सगळा बर्फखाना उजळला. पर्समधला मोबाईल. सम्यक.

"ताई, काही मिळालं का? नाही म्हणजे, कोट आहेच."

मी कडी परत लावली आणि बाहेर आले. चौथ्यांदा आत जायचं माझ्यात बळ नव्हतं. माझे दात वाजत होते आणि मला रडू येत होतं. दोन्ही गोष्टी थंडीमुळे आहेत असं मी सांगितलं.

बाहेरच्या उकाड्यात कॅमेऱ्याला घाम फुटला. मी तो मासळीच्या काट्यावर ठेवला आणि आम्ही सगळे भोवती उभे राहून त्याच्याकडे बघत राहिलो.

"मी पयल्या दिशीच बोल्लो व्हतो," रघू पुटपुटला. "बटन."

"बारावा फोटो जाईल, रघू. किती वेळा सांगू?"

आई एका उलट्या टोपलीवर बसली होती. आठवडाभर तिने तांदूळ, गोधड्या आणि डबे पुरवण्यापलीकडे काही केलं नव्हतं. ती आता म्हणाली, "बारावा काढलेला नाही."

"तुला काय माहीत?"

"मी स्वयंपाकघरात असते, मला सगळं दिसत नाही. पण ऐकू येतं ना. सेहेचाळीस वर्षं ऐकलंय. आधी टक, मग करकर. बटण दाबलं की टक, हँडल फिरवलं की करकर. टक झाल्याशिवाय करकर कधी होत नसे. शेवटच्या दिवशी करकर झाली आणि पुढचं टक झालंच नाही. मी म्हटलं, चहाला आले वाटतं. तर आलेच."

मला त्या पुस्तिकेतला एक परिच्छेद आठवला. एका चित्रावर दुसरं बसू नये म्हणून या कॅमेऱ्यात अशी योजना आहे, की फोटो काढल्याशिवाय हँडल फिरत नाही. हे मी वाचलं होतं. चांगली योजना आहे, असं मनात म्हणून पान उलटलं होतं.

"आई, हे तू आत्ता सांगतेस?"

"मला कुणी विचारलं? तू वाचत होतीस." मग जरा थांबून म्हणाली, "आणि बटणाला हात लावायचा नाही, हे काही मी सांगितलेलं नव्हतं."

कॅमेरा बिघडलेलाच नव्हता. कुणीतरी बटण दाबावं म्हणून तो वर्षभर थांबला होता.

आता ते दाबायचं कुणी, हा प्रश्न आला. रघूने हात मागे बांधले. तुळशी म्हणाली, सोसायटीच्या मालमत्तेखेरीज कशाला हात लावायचा तिला अधिकार नाही. नीराबाईसुद्धा गप्प बसली, ही मी नोंदवून ठेवण्यासारखी गोष्ट मानते.

"दाब तू," आई म्हणाली.

मी ओढणीने भिंगं पुसली, कॅमेरा पोटाशी धरला आणि सवय नसताना मान आपोआप खाली गेली. काचेत चौघं दिसली, जरा धूसर, कारण कोलमचा दाणा अजून तिथेच होता. उजवीकडची डावीकडे आणि डावीकडची उजवीकडे. कॅमेरा आपल्याकडे वळला म्हणताच रघूने छाती काढली, तुळशीने वही छातीशी धरली, नीराबाईने पदर सारखा केला आणि श्वास धरला. आईने चष्मा काढून हातात घेतला. बाबा तिला नेहमी तो काढायला सांगायचे.

माझं वय एकेचाळीस. मी पहिल्यांदा त्या बटणाला हात लावला.

टक.

मग हँडल. करकर, करकर, करकर. लोण्यातून फिरावं तसं फिरलं. आत काहीतरी सुटल्याचा हलका आवाज आला आणि खिडकीतला बारा निघून गेला. झाकण उघडलं. रोल आपल्याच कागदात गुंडाळून भर दुपारी, भर उन्हात माझ्या तळहातावर येऊन बसला. त्याला अंधाराची काही गरज नव्हती.

"ताई," तुळशी हळूच म्हणाली, "बाहेर काढल्याचा वजन र्‍हायला."

शुक्रवारी मी रोल स्वतः मुंबईला नेला. शनिवारी सकाळी बारा फोटो माझ्या मोबाईलवर आले आणि आम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहून ते बघायला लागलो.

पहिल्यात नुसती रिकामी खुर्ची होती. दुसऱ्यात खुर्ची आणि एक कोपर. तिसऱ्यात बाबांचं अर्धं डोकं, वेगात. चौथ्यात ते बसलेले होते, पण कॅमेऱ्याकडे पाठ करून, कारण वळायला वेळ मिळाला नसावा. पाचव्यात खुर्ची आडवी आणि फक्त पाय. सहाव्यात खुर्चीवर आमची तांबडी कोंबडी बसलेली, अतिशय स्पष्ट, बॅनरला शोभेल अशी. सातव्यात बाबा पाठमोरे, पळताना, अर्ध्या बाह्यांचा शर्ट फुगलेला, एक चप्पल मागे राहिलेली, एक हात खुर्चीकडे लांब केलेला. आठ, नऊ, दहा असेच. अकराव्यात एक प्रचंड मोठा कान. टायमर चालला की नाही हे ते जवळ येऊन ऐकत होते.

टायमर दहा सेकंदांचा होता. बाबा चौऱ्याहत्तरचे.

आई आधी हसली. ओट्याला धरून, डोळे पुसत, मोठ्याने हसली. वर्षभरात मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. मग मीही हसले. सहाव्या फोटोला आम्ही दोनदा परत गेलो.

बाबा गेले त्या आठवड्यात त्यांचा मला फोन आला होता. "रविवारी येशील तेव्हा एक काम आहे तुझ्याकडे. दोन मिनिटांचं." काय काम, हे त्यांनी सांगितलं नाही. मी पनवेलच्या फ्रिजवरच्या यादीत लिहून ठेवलं होतं, 'बाबा, बहुतेक लाइट बिल.' रविवारच्या आधी शुक्रवार आला. यादी तशीच राहिली.

अकरा वेळा पळून झाल्यावर त्यांनी बारावा फोटो तयार करून ठेवला होता आणि बटण दाबायला मला बोलावलं होतं. तिसरा नियम ते स्वतःच मोडणार होते. काम खरंच दोन मिनिटांचं होतं. पनवेलला परतल्यावर मी त्या ओळीवर काट मारली.

बारावा फोटो छान आला आहे, थोडा धूसर. आमच्या हॉलमध्ये लावला आहे. मागे बर्फखान्याची पाटी दिसते.

त्या शनिवारी दुपारी सम्यकचा फोन आला. आईने स्वतः घेतला. "सातवा छाप."

"काकी, त्यात चेहरा कुठाय?"

"चेहरा सगळ्यांना माहीत आहे."

"काकी, लोक पाठमोरा फोटो लावत नाहीत. हसतील."

"कोट तुझ्याकडेच ठेव," आई म्हणाली. "माझ्या वेळीही काढू नकोस."

रविवारी समाजमंदिरात बॅनर लागला. सहा फूट बाय चार. प्रथम स्मृतिदिन, खाली बाबांचं नाव, आणि वर फुगलेला शर्ट, एक चप्पल, लांब केलेला हात. वंदना झाल्यावर माणसं एकेक करून पुढे येऊन फुलं वाहत होती. पाठमोरा हा कोण, असं एकानेही विचारलं नाही. निकेतही आला होता. माणगावहून, सभ्यपणे. बॅनरसमोर तो बराच वेळ उभा राहिला आणि जाताना मला म्हणाला, "होते तर आत." केसरच्या सासूबाई मागून आईला विचारत होत्या, की आमच्या ह्यांचा कोट आता काढता येईल का.

नीराबाई सगळ्यांत शेवटी आली. तिने फूल वाहिलं, दोन पावलं मागे सरकली, कमरेवर हात ठेवून बॅनर वरपासून खालपर्यंत पाहिला.

"वयनी," ती म्हणाली, "मास्तर पोचले काय न्हाय मंग खुर्चीपरेंत?"

"पोचले ना," आई म्हणाली. "दर वेळी पोचले. फोटो तेवढा आधी व्हायचा."